खुर्चीसमोरची जागा

१

बेस बसवायला कुणाच्या घरी गेले की मी आधी त्यांच्या सोफ्यावर डबा ठेवते. डबा म्हणजे सबवूफर, खालचे जाड आवाज काढणारा, वीस-बावीस किलोचा. घरातल्या बाईचा जीव खालीवर होतो. "अहो ताई, नवीन कव्हर आहे, खाली ठेवा ना," असं ऐकलं नाही असं घर अजून भेटलेलं नाही. मी ठेवतेच. माणूस जिथं बसून ऐकणार तिथं डबा ठेवायचा, त्यातून एकच जाड सूर सोडायचा आणि मग आपण हातागुडघ्यांवर अख्खी खोली रांगायची. कान जमिनीपासून वीतभर वर. एका जागी आवाज फुगतो, एका जागी मरतो आणि एखाद्या जागी नीट भरलेला, गोल लागतो. ती जागा सापडली की डबा तिथं न्यायचा आणि माणसाला सोफ्यावर बसवायचं. इथून तिथं जसं ऐकू येतं तसंच तिथून इथं येतं, खोली त्यात फसवत नाही.

सत्तेचाळीस वर्षांची बाई ट्रॅकपॅन्ट घालून टीपॉयखाली रांगतेय हे बघायला शेजारपाजार जमतो. जमू दे. डबा कोपऱ्यात ढकलून "बघा दणका" म्हणणारे नगरमध्ये पुष्कळ आहेत. दणका म्हणजे बेस नव्हे. माझं नाव भारती, आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स, केडगावात एका शटरचं दुकान. बेसच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये असं माझं स्पष्ट मत होतं. गेल्या महिन्यापर्यंत होतं.

मंगळवारी नितीनचा फोन आला. हा आमच्याच भागातला, एमआयडीसीत टूलरूमला आहे. म्हणाला, "ताई, होम थिएटर वगैरे नको. आईला फक्त एक गोष्ट ऐकवायचीय. सोमवारच्या आत."

त्याची आई गीताबाई, वय चौऱ्याहत्तर. उजवा कान जाऊन दहा वर्षं झालेली. आता डाव्या कानाच्या आत गाठ निघाली होती, सोमवारी पुण्याला ऑपरेशन. गाठ काढायलाच हवी होती, पण ऐकू येण्याची नस वाचेल असं डॉक्टर छातीठोक सांगत नव्हते. उलट, वाचणार नाही असं धरून चाला म्हणाले होते.

"तिला आप्पांचा डग्गा ऐकायचाय," नितीन म्हणाला. "शेवटचा."

आप्पा म्हणजे उत्तमराव, त्याचे वडील. जाऊन सव्वीस वर्षं झाली. नवरा-बायकोची गायन पार्टी होती. गीताबाई गायच्या, उत्तमराव तबला-डग्गा वाजवायचे. सोनईपासून जामखेडपर्यंत जयंतीच्या एप्रिल महिन्यात त्यांना एक रात्र मोकळी मिळायची नाही. एवढं गाजून मागं राहिली एकच कॅसेट, खर्डा गावातल्या कार्यक्रमाची, एकोणीसशे एक्क्याण्णव सालची. नितीनने ती मोबाईलवर उतरवून घेतली होती. पण मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून डग्गा येतो कुठं. हेडफोन लावला तर कानावर नुसता दाब पडला तरी बाईंना चक्कर यायची. आणि त्यांच्या त्या कानाला आता पातळ, वरचे आवाज लागतच नव्हते. लागायचे ते फक्त जाड, खालचे.

म्हणजे काम माझंच होतं. मी म्हटलं, उद्याच येते.

२

त्यांची बाहेरची खोली दहा बाय चौदा. खाली शहाबादी फरशी, एका भिंतीला काचेचं शोकेस, त्यात पार्टीला मिळालेली स्मृतिचिन्हं, समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. खिडकीतून दुपारचं ऊन थेट आत येत होतं. गीतामावशी हात असलेल्या एका लाकडी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अशी ताठ बसणारी बाई मी फार दिवसांनी बघितली.

त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या कानाशी वाकून, आवाज घोगरा करून बोलावं लागायचं. मी माझं नाव सांगितलं.

"मोठा नको करू बरं का पोरी," त्या म्हणाल्या. "समदी मोठाच करत्यात. मला मोठा न्हाई, खालचा पायजे. त्यांचा हात लई मऊ हुता."

खोली मापून मी खुर्चीची जागा ठरवली. खोलीच्या बरोबर मध्ये कधीच बसवायचं नाही, तिथं बेस मरतो. लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर खुर्ची, तोंड शोकेसकडे. मावशींना दिवाणावर बसवलं, खुर्चीवर डबा चढवला आणि रांगायला लागले. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. नितीन बिचारा माझ्याबरोबर वायर धरून रांगायला लागला, त्याला म्हटलं तू आपला उभा राहा.

तासाभरात जागा सापडली. शोकेसच्या बाजूला, खिडकीखाली, भिंतीपासून हातभर. डबा तिथं ठेवला, कानाशी कुरकुरणारी शोकेसची काच रबर लावून गप्प केली आणि मी स्वतः खुर्चीत बसून खर्ड्याची टेप लावली. आधी सुंऽऽ असा कॅसेटचा आवाज. मग पेटी, मग गर्दीतलं कुणीतरी खोकलेलं, मग तरण्या गीताबाईंचा खणखणीत सूर. आणि त्याच्याखाली डग्गा. अगदी माझ्या पोटात आला. खरंच मऊ हात होता त्या माणसाचा. मी डोळे मिटून घेतले, इतकं माझंच मला कौतुक वाटलं.

"या मावशी," म्हटलं. त्यांना धरून खुर्चीत बसवलं, टेप पहिल्यापासून लावली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

त्या वाट बघत होत्या. गुडघ्यावरचं एक बोट तालासाठी उचललेलं होतं, ते तसंच राहिलं.

"लावलंस का गं?" त्यांनी विचारलं.

लावलं होतं. पेटी येत होती, सूर येत होता. डग्गा नव्हता. आणि मला वाटलं त्यांच्या कानाला नाही, म्हणून मी नीट ऐकलं, तर माझ्याही कानाला नव्हता. दाराशी जाऊन ऐकलं, नाही. डब्यावर हात ठेवला, डबा थरथरत होता. आतला पडदा पुढंमागं होत होता, मला डोळ्याला दिसत होता. पण खोलीत त्याचं काही पोचत नव्हतं.

"कनेक्शन लूज असेल," नितीन म्हणाला.

मी मावशींना उठवलं. त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि डग्गा आला. शोकेसची काच रबर असूनही गुणगुणली. त्यांना परत बसवलं, तो गेला.

असं आम्ही सहा वेळा केलं.

३

मी रात्रभर तळमळले वगैरे म्हणणार नाही, मला झोप लागते. पण सकाळी भाकरी थापताना डोक्यात तेच होतं. माणसाचं अंग आवाज थोडाफार पितं, भरल्या हॉलमध्ये फरक पडतो. पण चाळीस किलोची म्हातारी खोलीभरचा बेस पिते हे मला पटणार कसं. खुर्चीत मी बसले तर पीतच नव्हते ना, आणि मी त्यांच्या पावणेदोन पट. मग खुर्चीच्या पायाखाली वायर दबते का? नाही. मग भिंत पोकळ असेल? असेल, पण भिंतीला कुठून कळणार खुर्चीत कोण बसलंय?

गुरुवारी मी खुर्ची चार जागी हलवून बघितली. दाराशी, दिवाणाशी, कोपऱ्यात, पार भिंतीला टेकवून. चारी वेळा मी बसले की बेस आणि मावशी बसल्या की सामसूम. मावशी न कंटाळता उठबस करत होत्या. नितीन पाळी सोडून घरी थांबला होता, त्याचं तोंड उतरत चाललं होतं. गुरुवार म्हणजे मध्ये शुक्रवार आणि शनिवार, रविवारी त्यांना निघायचं होतं.

मग मी माझा घरगुती इलाज काढला. नितीनच्या बायकोकडून स्वयंपाकघरातली आठ स्टीलची ताटं मागवली आणि प्रत्येकात मूठभर बारीक रवा पसरला. बेस जिथं पोचतो तिथं रवा उड्या मारतो, पोचत नाही तिथं पडून राहतो. मीटरपेक्षा हे बरं, गिऱ्हाइकालाही दिसतं. मावशींना खुर्चीत बसवलं, सलग एक जाड सूर सोडला, ताटं फरशीवर मांडली.

सगळ्यात आधी मला आनंद झाला, कारण रवा हलत होता. म्हणजे बेस अगदीच मेला नव्हता, भिंतींच्या कडेनं थोडा जिवंत होता. ताटं सरकवत मी आत आत येत गेले. रवा मंदावत गेला. आणि मावशींच्या समोर, थोडं डावीकडं, दीड हातावर, एका जागी तो ठार निजला. ताटातला एक कण हलेना. पाटापेक्षा थोडी मोठी जागा. खोलीतला सगळा बेस जणू तिथं जाऊन संपत होता.

खुर्ची हलवली. जागाही हलली. परत मावशींच्या समोर, थोडं डावीकडं, दीड हातावर.

मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप आहे, ते लावून मी मोबाईल त्या जागेवर धरला आणि हळूहळू वर उचलत नेला. काही नाही, काही नाही, काही नाही, आणि माझ्या कमरेच्या जरा वर आल्यावर आकडा एकदम चढला. मांडी घालून बसलेल्या माणसाचं डोकं तेवढ्या उंचीवर येतं. हे मला तेव्हा सुचलंच नाही असं मी लिहिणार होते, पण खोटं कशाला. सुचलं.

आमच्यात भूतखेत मानत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी अंगारे-धुपारे उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत आणि त्यांच्यामागं मीही नाही. हे मी मनातल्या मनात दोनदा म्हटलं. मग ताट उचलायला पुढं झाले, माझा पाय त्या जागेत पडला, आणि माझा हात आपोआप खाली गेला, फरशीला लागला, छातीला लागला. कुणाला पाय लागला की आपण करतो तसं.

नितीन बघत होता. "काय झालं ताई?"

"काही नाही, सवय," मी म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला होता आणि बाहेर चांगलं ऊन होतं, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

मावशी त्या जागेकडेच बघत होत्या. तसं त्या कुठंही बघत असतील. खुर्ची जिकडं तोंड करते तिकडंच माणूस बघतो.

४

शुक्रवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी हेडफोनवर टेप ऐकत बसले. नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तीन वेळा. दोष खोलीत नसेल तर टेपमध्ये असेल, एवढंच माझं डोकं चालत होतं.

सात मिनिटांचं गाणं. चौथ्या मिनिटाला मला ते सापडलं. डग्गा मध्येच थांबतो. पेटी चालू, टाळ्या चालू, गीताबाईंचा सूर चालू, फक्त डग्गा नाही. मी मात्रा मोजल्या, बरोबर सोळा. मग तो परत येतो, जणू थांबलाच नव्हता. आधी वाटलं टेप तिथं घासलीय. पण टेप घासली तर सगळंच जाईल, एकटा डग्गा कसा जाईल.

तशीच उठले आणि गेले. नितीन नव्हता, मावशी एकट्या लसूण सोलत होत्या. मी त्यांच्या डाव्या अंगाला बसून कानाशी वाकले आणि विचारलं, खर्ड्याच्या गाण्यात मध्येच उत्तमराव का थांबले?

मावशी हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं.

"माईक पडला गं. धाडकन. म्हनून म्या मागं बघितलं."

"मग?"

"मग काय. हात मांडीवर. बंद." त्यांनी दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवून दाखवले, लसणासकट. "लई खोड त्यांना. आमचं स्टेज म्हंजी दोन टेम्पो पाठीला पाठ लावून. जागा कुठली? मी म्होरं, पेटीवाला उजव्या अंगाला, आन हे माझ्या मागं, डाव्या हाताला. पयल्याच दिवशी सांगितलं, माझ्याकडं बघून गायचं न्हाई. बघितलं की तू माझ्या हाताबरुबर चालशील, मंग गानं मागं पडतं. तू म्होरं बघ. मी मागं हाय."

"आणि बघितलं तर?"

"तर हात मांडीवर. म्होरं हजार मानूस बसलेलं आसू दे. मी तोंड फिरवलं की मंग चालू." त्या पुन्हा लसणाकडे वळल्या. "एकवीस वर्सं गायले बघ त्यांच्यासंगट, पर त्यांना वाजवताना कधी बघितलं न्हाई. पाठीला ऐकलं. हितं," असं म्हणून त्यांनी डाव्या खांद्याच्या मागं हात नेला.

दोन दिवस मी ह्या बाईला खुर्चीत बसवून डब्याकडं आणि त्या जागेकडं तोंड करायला लावत होते. जगातला प्रत्येक माणूस स्पीकरकडं तोंड करून बसतो, मी कशाला विचार करते. ऐकणाऱ्याची बैठक मला ठाऊक. ही बाई आयुष्यात ऐकायला कधी बसलीच नव्हती.

पण मी हे मान्य करायचं म्हणजे काय करायचं. माझ्या धंद्यातला पहिला धडा असा की खालच्या आवाजाला दिशा नसते. डबा पुढं ठेवा, मागं ठेवा, डग्गा कुठून आला हे कानाला कळत नाही. त्यात ज्याला एकच कान आहे त्याला तर कुठलीच दिशा कळत नाही. खुर्ची फिरवून काहीही फरक पडायला नको. हे मी शंभर गिऱ्हाइकांना शिकवलंय आणि ते खरंच आहे.

संध्याकाळी नितीनला फोन करून सांगितलं, उद्या दहा वाजता येते, शेवटचं करून बघू.

५

शनिवारी मी खुर्ची फिरवली. तोंड दाराकडं, रस्त्याकडं. पाठ शोकेसला, खिडकीला आणि डब्याला.

"पाठ करून?" नितीन म्हणाला. "ताई, नक्की ना? माझ्याकडं आजचाच दिवस आहे."

"तू दारात उभा राहा आणि गप्प राहा," मी म्हटलं. मलाच नक्की नव्हतं, त्याला काय सांगू.

एक ताट रवा पसरून मावशींच्या मागं, डाव्या हाताला, दीड हातावर ठेवलं. ठेवताना वाकले तेव्हा मानेवर गार वाटलं, पंखा असेल. मावशींच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मागं बघायचं नाही हं."

त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू हे मला सांगणारी तू कोण.

टेप लावली आणि भिंतीला पाठ लावून अशी उभी राहिले की मावशींचं तोंडही दिसेल आणि ताटही. सुंऽऽ झालं. पेटी आली. कुणीतरी खोकलं. मावशींची मान जराशी वर झाली. सूर लागला, आणि त्याच्याखाली डग्गा आला.

आला म्हणजे काय सांगू. मी नगरमधले सगळे मोठे हॉल ऐकलेत. असा बेस मी बसवलेला नाही आणि कुणी बसवलेला ऐकलेला नाही. खोलीच्या कडेपासून मधोमध सगळीकडं सारखा, मऊ, भरलेला. ताटातला रवा लाह्यांसारखा उडायला लागला. मावशींनी डोळे मिटले. मग त्यांचं तोंड उघडलं आणि चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई गायला लागली. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसणार, तरी सूर जागेवर होता. नितीन दाराची चौकट धरून रडत होता, पोरासारखा नाही, चांगला बाप्या माणूस रडतो तसा. मला वाटलं, भारती, जिंकलीस.

आणि लाईट गेली.

शनिवारची दुरुस्तीची वेळ, आमच्याकडं जातेच, माझ्या ध्यानातच नव्हतं. डब्यावरचा निळा दिवा विझला. पंख्याची पाती मंदावत थांबली. तरण्या गीताबाईंचा आवाज कापल्यासारखा बंद झाला, पेटी गेली, गर्दी गेली. खोलीत फक्त म्हाताऱ्या गीताबाई गात होत्या.

आता ह्या थांबतील, मागं वळतील, आणि सगळं मुसळ केरात. नितीनने पंख्याकडं बघितलं, तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. लाईट गेल्यापासून मी ताटाकडं बघितलं नव्हतं.

रवा उडत होता.

कानाला काही नव्हतं. मी शपथेवर सांगते, त्या खोलीत मावशींच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पण तळपायाला येत होतं. शहाबादी फरशीतून, माझ्या अनवाणी पायांना, ठेका. आणि शोकेसची काच बारीक थरथरताना दिसत होती. बॅटरी, मी मनात म्हटलं, ॲम्प्लिफायरमध्ये साठलेला करंट, एखादं मिनिट चालतो. तो दोन सेकंदही चालत नाही हे मला माहीत आहे, मी दुरुस्त करते ते.

चौथं मिनिट आलं. मी मात्रा मोजत होते, ती माझी खोडच. जिथं खर्ड्याच्या टेपमध्ये डग्गा थांबतो ती जागा आली. मावशींचा सूर तिथं वर चढतो. त्यांचा डावा खांदा जरासा हलला, मान वळेल अशी हलली. मान सरळ झाली. त्या समोर रस्त्याकडं बघत गात राहिल्या, आणि रवा थांबला नाही. एक, दोन, तीन, सोळाच्या सोळा मात्रा. खर्ड्याला राहिलेल्या त्या मात्रा त्या दिवशी केडगावात वाजल्या, आणि मी त्या पायांनी ऐकल्या.

मग समेवर ताटातला रवा एका बाजूला सरकला. उडाला नाही, सरकला. डग्ग्यावर मनगट दाबून पुढं घासतात ना, आवाज वळवायला, तसा. रुंद, वळणाची, स्वच्छ पुसलेली एक रेघ ताटात उमटली आणि स्टील चमकलं. ऊन थेट तिथंच पडलं होतं. त्या उन्हात, ताटाच्या वर, मला जे दिसलं असं वाटलं ते मनगटापासून कोपरापर्यंतच होतं, आणि तेही रव्याच्या धुळीचं. मी डोळे मिटले. वाजवताना बघायचं नाही, हे मलाही लागू असावं असं मला वाटलं.

गाणं संपलं तेव्हा फरशी शांत झाली.

मावशी तशाच समोर बघत बसल्या होत्या. मी जाऊन त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसले. टेप कशी वाटली असं विचारणार होते.

"लाईट कवा गेली गं?" त्यांनीच विचारलं.

मी त्यांच्या कानाशी गेले. "तुम्हाला कळलं?"

"पंख्याचं वारं लागायचं थांबलं तवाच." त्यांनी पदराने तोंड पुसलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला माझी आई लग्नाच्या फोटोत दिसते तशा त्या दिसत होत्या. "म्हनलं आता बघती मागं. एकवीस वर्सांत एकदा तरी बघती मन भरून. मंग म्हनलं, नगं. बघितलं तर थांबतील. त्यापरीस वाजू दे."

नितीन आत येऊन त्यांच्या पायाशी बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "जा सांग त्या डाक्टरला. न्हे म्हनावं कान, खुशाल न्हे. माझं काम झालं."

मी ताट उचलून स्वयंपाकघरात नेलं. रवा टाकून द्यायला जीव झाला नाही, वेगळ्या डब्यात भरून ठेवा असं नितीनच्या बायकोला सांगितलं. कशाला, असं तिनं विचारलं नाही.

६

नितीनचा फोन गुरुवारी आला. ऑपरेशन चांगलं झालं, गाठ पूर्ण निघाली, जिवाला धोका नाही. नस वाचली नव्हती.

"अजिबात काही नाही, ताई. कानाशी ताट आपटलं तरी कळत नाही." पण त्याचा आवाज रडका नव्हता. मागून काहीतरी ऐकू येत होतं, बाईचा खणखणीत आवाज, आणि हसण्याचा, टाळ्यांचा.

"ती आईच आहे," तो म्हणाला. "कालपासून गातेय. अख्खा वॉर्ड जमलाय. डॉक्टर आले होते, उभं राहून ऐकत होते. म्हणाले, सूर आठवणीनं लागतो हे समजू शकतो, पण लय इतकी पक्की कशी, ह्यांना ठेका कोण देतंय. मी काय सांगणार."

मी दुकानातच होते. स्टुलावर बसले.

"आणि ताई, इथं एक गंमत झाली. पलंग भिंतीला लावलेला होता. तिनं शुद्धीवर आल्या आल्या नर्सला खुणा करून तो पुढं ओढायला लावला. डावीकडून. मी म्हटलं आई कशाला, तर नुसती हसली. हातभर ओढलाय."

बाहेर पुणे रोडला एक ट्रक गेला आणि माझ्या शटरचा पत्रा हलला. तो जाईपर्यंत मी थांबले. मग नितीनला सांगितलं, "हातभर पुरणार नाही रे. दीड हात ओढ. मांडी घालून बसायला तेवढी जागा लागते."